इतवारीतलं तिखट आणि उरलेला एक फ्लॅश

मे महिन्यात, दुपारी दोनला, नागपूरच्या इतवारीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मिरची कांडपाचे फोटो काढायची अक्कल कोणाची, असं बायकोने विचारलं. माझीच. सावजी मसाले आणि तिखट विकणारा एक छोटा घरगुती ब्रँड पाकिटं बदलत होता. स्टुडिओत पांढऱ्या कागदावर वाटी ठेवून काढलेलं तिखट कुठलंही असू शकतं, कुटतात तिथेच काढू, असा माझा हट्ट होता.

दोन फ्लॅश, त्यांचा उजेड मऊ करणारे कापडी डबे म्हणजे दोन सॉफ्टबॉक्स, आणि फ्लॅश पेटवणारा ट्रिगर. तिखटाचा धुरळा आत जाऊ नये म्हणून मी दोन्ही फ्लॅशना पॉलिथिनच्या पिशव्या घातल्या आणि वर रबर लावले. फार हुशारी वाटली तेव्हा.

पहिली सेटिंग नेहमीची. एक सॉफ्टबॉक्स समोरून थोडा बाजूला, दुसरा त्याला साथीला. फोटो स्वच्छ आला, आणि भिवापुरी मिरचीचं ताजं तिखट गेरूच्या ढिगासारखं दिसलं. समोरून मऊ उजेड पडला की कणांच्या सावल्याच राहत नाहीत, आणि सावली नाही तर कण नाही. वर लाल रंग फुटला होता. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, व्यवस्थित, पण त्यातला लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला चिकटलेला, म्हणजे लाल मर्यादेबाहेर गेलेला. एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप खाली आणलं, म्हणजे उजेड कमी केला, तेव्हा कुठे त्या लालात काही दिसायला लागलं.

मालक मागे उभे होते. "थोडा लाल लाइट मारून द्या ना भाऊ, भडक दिसन."

बॅगेत लाल जेल, म्हणजे फ्लॅशवर लावायचा रंगीत पारदर्शक कागद, होतं. नाही लावलं. भिंतीवर, भांड्यावर, माणसाच्या खांद्यावर वाट्टेल तो रंग टाका. विकायच्या तिखटावर लाल जेल म्हणजे भेसळच, फक्त पोटात न जाणारी.

मला यंत्रातून उडणारा धुरळा हवा होता. तो समोरच्या उजेडात दिसत नाही. उजेड मागून आला आणि पार्श्वभूमी काळी असली तर दिसतो. शटर १/२००, एफ/८, आयएसओ १००. फ्लॅशशिवाय एक फोटो काढून पाहिला: जवळजवळ काळा, फक्त पत्र्याच्या भोकांचे पांढरे ठिपके. म्हणजे दुपार बाद झाली, आता उजेड माझा. पण कूलरच्या वाऱ्याने धुरळा ठरेना.

"कूलर बंद केला काहून?" यंत्रावरची बाई ओरडली. तिचं बरोबर होतं. पाच मिनिटांत आम्ही सगळे घामाने निथळत आणि खोकत होतो.

आणि तेवढ्यात एक फ्लॅश गप्प झाला. स्क्रीनवर तापल्याची खूण. पिशवीतून काढला तर हाताला चटका बसला. धुळीपासून वाचवायच्या नादात मी त्याला उकडून काढलं होतं. दुसऱ्याची पिशवी तिथल्या तिथे फाडली. एकच फ्लॅश उरला.

तो यंत्राच्या मागे, खाली, मुसळांच्या आडोशाला ठेवला, सॉफ्टबॉक्स काढून, उघडा. ताकद एक-अष्टमांश. इतक्या कमी ताकदीला चमक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ टिकते. शटर १/२०० असलं तरी उडता कण थिजवते ती ही चमक. पुढच्या बाजूला मात्र अंधार. समोर काय धरायचं? कोपऱ्यात स्टीलची मोठी परात होती. ती तिरपी धरली तर ढिगावर आरशासारखा कवडसा पडला. तिच्यावर पांढरा पंचा पसरला, आणि मागचाच उजेड परत फिरून मऊ होऊन पुढे आला. परात धरायला मालकच बसले, उकिडवे.

मुसळ पडलं, मी दाबलं. काळ्यावर लाल धुरळा, त्यात मुसळाची चमकती कड, आणि ढिगावर एकेक कण आपापली सावली घेऊन उभा. बिया पिवळ्या, वेगळ्या दिसत होत्या. खरं सांगतो, दोन फ्लॅश शाबूत असते तर मी समोरचा सॉफ्टबॉक्स हटवलाच नसता.

मालकांच्या आई दारातल्या खाटेवर बसून सगळं पाहत होत्या. मी मोठ्या उत्साहाने कॅमेरा नेला, ढीग मोठा करून दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला. बराच वेळ पाहिलं.

"हे जाडं पडून राहिलं बाबू," त्या म्हणाल्या. माझ्याकडे नाही, मुलाकडे बघून. "हा देठ पाय. चाळणी फाटली वाटते."

मालकांनी परात खाली ठेवली आणि चाळणी उजेडात धरली. कडेला बोटभर फट होती.

ढीग परत चाळायला गेला. कूलर सुरू झाला. मी फ्लॅश त्याच्यासमोर ठेवून गार करत बसलो. पाच वाजता नव्या ढिगावर पुन्हा सुरुवात केली, तोच फ्लॅश, तीच परात.