फ्रॅकिंगची भीती आणि फ्रॅकिंगचा धोका

फ्रॅकिंग म्हणजे पाणी, वाळू आणि रसायनांचा द्रव प्रचंड दाबाने खोल खडकात घुसवून तो फोडायचा आणि त्यात अडकलेला गॅस बाहेर काढायचा. ते म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या दीड-दोन किलोमीटर खोलवरच्या भेगा. रसायनं त्यांतून वर चढून घरच्या बोअरमध्ये उतरतील, अशी धास्ती असते. पण पाणी बिघडण्याचा हा सर्वांत दुर्मीळ मार्ग आहे, कारण मध्ये शेकडो मीटर खडक असतो. खरी दुखरी जागा असते गॅसविहिरीच्या केसिंगभोवतीचं (विहिरीत उतरवलेल्या पोलादी पाइपाभोवतीचं) सिमेंट. पाइप मधोमध बसला नाही, ड्रिलिंगचा चिखल नीट धुतला गेला नाही किंवा सिमेंट आकसलं, की बारीक फट राहते आणि वरच्या थरांतला मिथेन त्या फटीतून भूजलात शिरतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या डिमॉकमध्ये 1 जानेवारी 2009 रोजी एका घरच्या बोअरचा स्फोट झाला, तो मिथेन साचूनच.

मिथेन पिऊन विषबाधा होत नाही. तो बंद जागेत साचला आणि हवेतलं त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांत आलं, की ठिणगी पुरते. लिटरमागे 10 मिलिग्रॅमच्या वर गेला तर लक्ष ठेवायचं, 28 च्या वर गेला तर लगेच हालचाल करायची, असं अमेरिकेत सांगितलं जातं. बोअरच्या झाकणाला बाहेर उघडणारा व्हेंट पाइप हवा. कार्बन फिल्टरचा इथे उपयोग नाही. पाण्यात हवा खेळवूनच मिथेन काढावा लागतो.

‘98-99 टक्के पाणी आणि वाळूच तर असते’ हे कंपन्यांचं आवडतं वाक्य. हिशोब करून पाहा: एका विहिरीला 2 कोटी लिटर द्रव लागला, तर त्याचा 1 टक्का म्हणजे 2 लाख लिटर रसायनं. त्याहून मोठी डोकेदुखी म्हणजे परत वर येणारं पाणी. पेनसिल्व्हेनियाखालच्या मार्सेलस शेल या गॅसच्या खडकथरातलं हे पाणी समुद्रापेक्षा कितीतरी खारट असतं आणि त्यात बेरियम, ब्रोमाइड, रेडियम असतं. 2011 पर्यंत पेनसिल्व्हेनियात ते साध्या शुद्धीकरण केंद्रांतून नद्यांत जात होतं. ही केंद्रं क्षार काढत नाहीत. ब्रोमाइड पुढच्या गावाच्या क्लोरीनला भेटलं, की ब्रोमिनयुक्त ट्रायहॅलोमिथेन ही घातक रसायनं तयार होतात. हे पाणी खोल जमिनीत दाबलं तर भूकंपाचा प्रश्न येतो: ओक्लाहोमातल्या पॉनीचा 2016 चा धक्का 5.8 चा होता.

हवेबद्दल लोक कमी बोलतात. माझ्या मते तिथेच जास्त बोलायला हवं. वाळू ओतताना उडणाऱ्या सिलिका धुळीचे काही नमुने कायदेशीर मर्यादेच्या 10 पटींहून वर सापडले. अर्ध्या चेहऱ्याचा मास्क जेमतेम 10 पटींपर्यंतच पुरतो. शेजाऱ्यांचं म्हणाल, तर पेनसिल्व्हेनियातल्या 11 लाख जन्मांच्या 2017 च्या अभ्यासात विहिरीपासून 1 किलोमीटरच्या आत कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण सुमारे 25 टक्क्यांनी जास्त आढळलं. 3 किलोमीटरपलीकडे परिणाम दिसला नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या 2023 च्या अभ्यासांत दमा आणि मुलांमधला लिम्फोमा यांच्याशी संबंध दिसला, ल्युकेमियाशी नाही.

मग एकाच रस्त्यावरची दोन घरं उलट मतं का मांडतात? कारण खनिजहक्क (जमिनीखालच्या गॅसची मालकी) ज्याचे, त्याला पेनसिल्व्हेनियात किमान साडेबारा टक्के रॉयल्टी मिळते. शेजाऱ्याच्या वाट्याला येतात ते ट्रक, धूळ आणि रात्रभराचा आवाज. त्यात 2005 च्या कायद्याने फ्रॅकिंगला (डिझेल वापरलं नसेल तर) पेयजल सुरक्षा कायद्यातून सूट दिली, आणि रसायनांची नावं व्यापारी गुपित म्हणून झाकता येतात. ज्यावर आपला ताबा नाही आणि ज्याची माहिती मिळत नाही, तो धोका माणसाला मोठाच वाटतो. याला अडाणीपणा म्हणणारे अधिकारी गावाचा विश्वास पहिल्याच सभेत गमावतात.

घरमालकाच्या हातात असलेली एक गोष्ट म्हणजे ड्रिलिंगपूर्वीची पाणीतपासणी. शक्यतो दोन वेगळ्या ऋतूंत, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडूनच नमुना घ्यावा. स्वतः भरलेली बाटली वादाच्या वेळी टिकत नाही. नमुना सॉफ्टनरच्या (पाणी मऊ करणाऱ्या यंत्राच्या) आधीच्या नळाचा हवा. मिथेनची कुपी बुडबुडा न ठेवता काठोकाठ भरून थंड ठेवायची. मिथेन, इथेन, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम, स्ट्रॉन्शियम, एकूण विरघळलेले क्षार आणि बेंझीन इतकं तरी तपासावं. इथेन सापडला तर गॅस खोलातला असण्याची शक्यता वाढते. दलदलीतल्या मिथेनसोबत तो सहसा नसतो.

पेनसिल्व्हेनियाच्या 2012 च्या कायद्यानुसार गॅसविहिरीपासून 2,500 फुटांच्या आत आणि तिचं काम झाल्यापासून 12 महिन्यांत पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा धरला जातो. मात्र पूर्वतपासणीसाठी आलेल्या कंपनीला घरमालकाने दारातूनच परत पाठवलं असेल, तर हे गृहीतक मोडायला कंपनीला तेवढंच पुरतं.