जुना फ्रिज, नग एक

संक्रांतीच्या सुमारास वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत गुजराती वर्तमानपत्राचे चार घड्या घातलेले पान होते. जुना फ्रिज दिल्यास नव्यावर ६,००० रुपये सूट, अशी ती दिवाळीची पानभर जाहिरात होती. दुकानदाराने पूर्ण २८,५०० रुपये घेतले होते आणि सवलतीची रक्कम कंपनी आठवड्याभरात खात्यात भरेल असे सांगितले होते. पुढे कंपनीने कळवले, की हे मॉडेल योजनेत बसत नाही. मी भिंग लावून पाहिले, तर तळाशी ‘शरतो लागु’ एवढेच दोन शब्द होते. मॉडेलचा कुठेही उल्लेख नव्हता.

महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणारी जाहिरात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणारी ठरते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नसते आणि ती राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय कुठे आहे याची काकूंना फिकीर नव्हती. नोटिशीला उत्तर आले नाही, तेव्हा वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली.

सुनावणीच्या दिवशी मी जाहिरातीच्या व्याख्येवर कसून तयारी करून गेलो होतो. कंपनीच्या वकिलांनी मात्र जाहिरातीला हातच लावला नाही. तक्रारदाराने जुना फ्रिज दिलाच नव्हता, तर सूट कसली, असे त्यांनी शांतपणे विचारले. दुकानाच्या बिलावर जुन्या फ्रिजची नोंद नाही, हे मी आधी पाहायला हवे होते.

मी मागे वळून काकूंना काही कागद आहे का, असे हळूच विचारले. ‘अरे, तो मुलगा लिहून देऊन गेला होता ना,’ म्हणत त्यांनी पिशवीतून दुधाच्या हिशेबाची चिठ्ठी काढली. हीच चिठ्ठी मी माझ्या टेबलावरून दोनदा बाजूला सारली होती. ती उलटली, तर पाठीमागे दुकानाचे डिलिव्हरी चलन निघाले आणि त्यावर फ्रिज पोचवणाऱ्या मुलाच्या तिरक्या अक्षरात ‘जूनुं फ्रिज, नंग १, लीधुं’, म्हणजे जुना फ्रिज घेतला, असे लिहून खाली सही होती.

चलन दाखल करण्याचा अर्ज मी तिथेच लिहिला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली आणि पुढच्या तारखेला ६,००० रुपये व खर्चापोटी ३,००० असे तडजोडीचे धनादेश आणले. काकूंनी ते पर्समध्ये ठेवले आणि चलन परत कधी मिळेल असे विचारले. दूधवाल्याचे अकरा दिवसांचे पैसे अजून द्यायचे होते.