गोलमधून कोचच्या बाकावर: जॉन गॅलोवे

लॅक्रॉस म्हणजे टोकाला जाळी असलेल्या स्टिकने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ. त्यात संघात गोलकीपर, म्हणजे गोली, एकच खेळतो आणि सरावात सगळ्यात कमी शिकवणं त्याच्याच वाट्याला येतं. अटॅकचा कोच अटॅकवाल्यांना घेऊन एका टोकाला, डिफेन्सचा दुसऱ्या टोकाला, आणि गोली मधल्या वेळात कुणी शॉट मारेल त्याची वाट बघत उभा. अमेरिकन कॉलेजांत गोलींना शिकवण्याचं काम वर्षानुवर्षं बऱ्याचदा बिनपगारी, स्वयंसेवक कोचकडे असे. स्वयंसेवक कोचची ती वर्गवारीच एनसीएएने, म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेने, 2023 मध्ये बंद केली. म्हणून गोलीच हेड कोच झाला की मला त्या संघाकडे जरा जास्तच निरखून बघावंसं वाटतं.

जॉन गॅलोवे हे त्याचं चांगलं उदाहरण. सिरॅक्यूज विद्यापीठाकडून 2008 ते 2011 अशी चारही वर्षं तो गोलमध्ये उभा होता. पहिल्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्सला 13-10 हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. 2009 मध्ये कॉर्नेलविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत बरोबरी झाली आणि ओव्हरटाइममध्ये सिरॅक्यूज 10-9 जिंकलं. 2010 ला मात्र पहिल्याच फेरीत आर्मीकडून (अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ) डबल ओव्हरटाइममध्ये हार पत्करावी लागली. पुढे उन्हाळ्यात रॉचेस्टर रॅटलर्सकडून आणि बऱ्याच नंतर पीएलएल या व्यावसायिक लीगमधल्या क्रोम संघाकडून खेळ, आणि रॅटलर्सच्या काळातच प्रॉव्हिडन्स कॉलेजमध्ये असिस्टंट कोच. 2016 मध्ये तो फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल विद्यापीठाचा हेड कोच झाला. त्या राज्यातला डिव्हिजन वनचा, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वोच्च श्रेणीचा, पुरुषांचा पहिला लॅक्रॉस संघ हाच. 2022 मध्ये या संघाने ड्यूकसारख्या बलाढ्य संघाला हरवलं.

गोलीला कोचिंगसाठी आयती मिळणारी गोष्ट म्हणजे बोलण्याची सवय. चेंडू कुठे आहे हे तो सतत ओरडून सांगत असतो: टॉप सेंटर, टॉप राइट, लेफ्ट, आणि गोलच्या मागे गेला की ‘एक्स’. क्रीजजवळच्या (गोलभोवतीच्या वर्तुळाजवळच्या) खेळाडूकडे पास सुटला की ‘चेक!’, म्हणजे सगळ्या डिफेन्डरांनी आपापल्या माणसाच्या स्टिकवर स्टिक घालायची. सेव्ह झाला की ‘क्लिअर!’, म्हणजे चेंडू आपल्या अर्ध्यातून पुढे न्यायचा. नवे गोली इथे समालोचन करत बसतात. एकेका शब्दात, पास सुटल्याबरोबर सांगायचं असतं, आणि शूटरचे हात मागे गेले की गप्प व्हायचं. तेव्हाही तोंड चालू राहिलं तर लक्ष वाटलं जातं आणि पाय जागीच राहतात.

आता तंत्र. गोल 6 फूट रुंद, 6 फूट उंच. त्याभोवतीच्या क्रीजची त्रिज्या 9 फूट. चेंडू भरीव रबराचा, साधारण 142 ते 149 ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडाच हलका. वरच्या दर्जाच्या खेळात शॉट ताशी 140 ते 160 किलोमीटरने येतो. एवढ्या वेगापुढे नुसत्या हातांवर भागत नाही, पाऊल टाकावंच लागतं. पाय खांद्याइतके फाकलेले, वजन चवड्यांवर, वरचा हात स्टिकच्या मानेशी, अंगठा दांड्याला लागून. चेंडू उजवीकडे आला तर उजवं पाऊल तिरपं पुढे, चेंडूच्या दिशेने, आणि मागचा पाय ओढून त्याच्या जवळ. पाऊल सरळ बाजूला किंवा मागे पडलं की चेंडूला गाठायचा कोन वाढतो. घाबरलेला गोली नेमकं हेच करतो.

उजव्या हाताच्या गोलीची स्टिक उजव्या कानाजवळ असते, त्यामुळे सगळ्यात अवघड जागा म्हणजे डावी कंबर आणि डावा घोटा. तिथे स्टिकच्या डोक्याला सगळ्यात लांबचा फेरा मारावा लागतो. खालचा हात पोटाला चिकटलेला असेल तर तो कंबरेत अडकतो, वरचा हात एकटाच खाली येतो आणि जाळी तिरकी पडते. उपाय सोपा आहे: उभं राहतानाच दोन्ही हात अंगापासून वीतभर पुढे. हे रोज सांगावं लागतं, कारण दमलं की हात आपोआप आत येतात.

मॅचआधीचा वॉर्म-अप हा कोचचा खरा कस. पंधरा-वीस मिनिटं, 9 ते 11 मीटरवरून, ताकद साठ-सत्तर टक्के, आणि शॉट ओव्हरहँड, म्हणजे चेंडू सुटताना गोलीला दिसतो. आधी स्टिकच्या बाजूला वर, मग उलट बाजूला वर, मग दोन्ही कंबरा, मग खाली, मग टप्पा पडलेले, आणि शेवटी मिसळून. टप्प्याच्या शॉटला स्टिकचं डोकं जमिनीवर आणि छाती चेंडूमागे. सेव्ह झाल्यावर प्रत्येक वेळी आउटलेट पास, म्हणजे चेंडू बाहेर काढणारा पहिला पास, टाकायला लावायचा, कारण क्रीजमध्ये चेंडू ठेवायला चारच सेकंद मिळतात आणि अर्धरेषा ओलांडायला वीस. काही कोच इथे आपल्या हाताची ताकद दाखवायला जातात. गोली दहा शॉट खातो, डोळे मिटायला लागतो आणि तसाच मॅचला उतरतो. वॉर्म-अपमध्ये गोल करण्यात काडीचाही फायदा नाही.

गोली राहिलेल्या कोचला एक गोष्ट मात्र सोडावी लागते: स्वतःची शैली. उंच गोली क्रीजमध्ये मागे उभा राहून जास्त वेळ मिळवू शकतो. ठेंगण्या, चपळ गोलीला पुढे येऊन कोन बुजवावा लागतो. दोघांना गोलपुढे एकाच अंतरावरच्या कमानीवर उभं केलं तर एकाचं नुकसान ठरलेलं. म्हणून आधी नोंद ठेवावी: शॉट कुठून आला, गोलच्या कोणत्या कोपऱ्यात गेला, अडला की नाही. पाच-सहा मॅचचा असा तक्ता समोर असला की बोलायला काहीतरी ठोस मिळतं. पंचावन्न टक्क्यांच्या वर सेव्ह असतील तर गोली चांगलं काम करतोय. त्याहून कमी असतील तर आधी अंतर बघावं. पाच-सहा मीटरवरून मोकळे शॉट बसत असतील तर बोलणं डिफेन्सशी व्हायला हवं, गोलीशी नाही.

छातीच्या पॅडबाबत तडजोड नको. नेमक्या क्षणी छातीवर बसलेल्या चेंडूने हृदयाचा ठोका बिघडून धडधाकट मुलगाही कोसळू शकतो. म्हणून गोलींना एनओसीएसएई या खेळसाहित्याच्या सुरक्षा-मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाचं पॅड अमेरिकेत सक्तीचं झालं आहे. पॅड छातीच्या मधोमध बसतंय का, वाढत्या वयाच्या मुलाला आखूड तर होत नाही ना, हे हंगामाच्या सुरुवातीला घालून बघावं. मैदानावर एईडी, म्हणजे विजेचा झटका देऊन हृदयाचा ठोका पूर्ववत करणारं यंत्र, कुठे ठेवलंय हे प्रत्येक कोचला माहीत असावं, आणि ते कुलूपबंद खोलीत नसावं.