शिकलेली माणसंसुद्धा कशी भुलतात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. परभणीत कुणीही भेटलं की हाच प्रश्न, शिकले-सवरलेले लोक व्हॉट्सॲपवरच्या खोट्या मेसेजला कसे काय भुलायलेत, तुम्ही तर असले मेसेज पसरवायचं काम केलंय, सांगा की.

हो, केलंय. एका निवडणुकीत दोन महिने. मोंढ्यात अडत दुकानाच्या वरची खोली, चार लॅपटॉप, पंधरा-वीस मोबाईल चार्जिंगला आणि एक एक्सेल शीट. एकाच गोष्टीचे तीन मेसेज करायचो, सोयाबीनवाल्याला भावाचा, पोरांना नोकरीचा, म्हाताऱ्यांना देवाधर्माचा, सकाळी सोडायचे आणि रात्री बघायचं कुठला जास्त फिरला, फिरला तो ठेवायचा बाकीचे डिलीट. शीटमध्ये रकाने होते गाव, बूथ, वय, किती फॉरवर्ड. खरं का खोटं असा रकानाच नव्हता. शीट मीच बनवली होती आणि तो रकाना टाकावा हे मला एकदाही सुचलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

खोटं बोलायचं असं कुणी ठरवलं नव्हतं हो, आकडा वाढला पाहिजे एवढंच डोक्यात. मोठ्या कंपन्यांचं तेच. फेसबुकनं २०१७ पासून रागाच्या इमोजीसकट सगळ्या इमोजींना साध्या लाईकच्या पाचपट वजन दिलं होतं, म्हणजे जे वाचून माणूस चिडणार तेच जास्त जणांना दिसणार. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवेमुळं मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच भिक्षेकरी ठार मारले, नाथपंथी डवरी गोसावी होते बिचारे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं जाहीर केलं. औषधसुद्धा आकड्याचंच!

शिकलेला माणूस जास्त सापडतो कारण तो दिवसभर वाचतो, त्याला प्रत्येक गोष्टीवर मत लागतं, आणि त्यातलं स्वतः बघितलेलं काहीच नसतं. माझे मामा रिटायर्ड मास्तर. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतात, सत्तर उगवले तरच पेरणार. तेच मामा मेसेज अर्धवट वाचून पुढं ढकलतात.

परवा एका गावच्या भांडणाचा मेसेज त्यांनी मला पाठवला. म्हणलं मामा, याची उगवण बघितली का? गप्प बसले, मग म्हणाले, ती कशी बघायची ते तरी सांग. म्हणलं त्या गावात तुमचा विद्यार्थी असेल ना कुणी, लावा फोन. लावला. पाऊस, पोरांची लग्नं, अर्धा तास बोलले, आणि भांडण तिथं कुणाला माहीतच नव्हतं.