खुंटी 17

"साहेब, दार आताशा लागतच नाही हो." कोळसा खाणीमुळे जमीन किती खचली ते मोजायला स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकड्यांची पट्टी, वाचत होतो, तेवढ्यात मागून आजी म्हणाल्या.

जमिनीत रोवलेली मोजणीची ही खुंटी गेल्या वेळेपेक्षा 8 मिलिमीटर खाली. वहीत हा आकडा किरकोळ दिसतो. पण चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दार घासून लाकडाचा पांढरा पट्टा पडला होता, अगदी ताजा.

खाली कोळसा काढला की वरचे थर वाकतात. मधोमध जमीन दबते, कडेला ताणली जाते. भेगा कडेलाच पडतात. आजींचं घर नेमकं तिथं.

2014 पासून सेंटिनेल-1 उपग्रहाचं रडार आकाशातून अशा हालचाली टिपतंय. अडकलेलं दार त्याला कसं दिसणार?

भिंतीतल्या भेगेवर काचपट्टी बसवली, भेग रुंदावली की ती तडकते. तारीख टाकली. पुढच्या फेरीत ती तडकलेली दिसली, तर आजींना काय सांगू?