रिकाम्या हाताने बाळ बघू नये

नाताळच्या सुट्टीआधी आमच्या विद्यापीठाच्या नाट्यविभागाने ‘सेकंड शेफर्ड्स प्ले’ केलं. हे 15व्या शतकातलं नाटक, आम्ही राहतो त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमधलं. गोष्ट येशूजन्माची, पण मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधतात ते वेकफील्डजवळच्या हॉर्बरीच्या झुडपांत! गावाचं नाव आलं आणि प्रेक्षकांत खसखस पिकली.

सुरुवातीला तिघे मेंढपाळ थंडीवर, जमीनदारांच्या जुलमावर आणि संसारावर पोटभर कुरकुरतात. मग मॅक नावाचा भुरटा चोर त्यांचं मेंढरू पळवतो. त्याची बायको गिल ते पाळण्यात घालते, दुपट्यात गुंडाळते आणि बाळंतीण होऊन कण्हत पडते. मेंढपाळ झडती घ्यायला येतात, तेव्हा ती शपथ घेते: मी तुम्हाला फसवलं असेल तर या पाळण्यातलं लेकरू खाईन! हे सगळं आपल्या वगात सहज खपलं असतं.

मेंढपाळांना काही सापडत नाही. ते निघूनही जातात. चोरी उघडी पडते ती संशयाने नव्हे, मायेने. आपण बाळाच्या हातावर काहीच ठेवलं नाही, हे त्यांच्या लक्षात येतं. डॉ नावाचा सगळ्यांत धाकटा मेंढपाळ सहा पेन्स घेऊन परत येतो, पापी घ्यायला दुपटं उचलतो, तर आत लांबडं नाकाड! बाळ बघायला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे माझी आजी सांगायची. ती आठवली आणि मला एकदम भरून आलं.

मेंढीचोराला तेव्हा फाशी होऊ शकायची. हे तिघे मॅकला चादरीत घालून उडवतात आणि सोडून देतात. थकून झोपतात, तोच देवदूत गाऊ लागतो.

दिग्दर्शिकेने बेथलेहेमच्या गोठ्यातही तोच पाळणा ठेवला होता. मला हा निर्णय फार आवडला. मघाशी ज्यावर पोट धरून हसलो, त्याच्याभोवती आता सगळं नाट्यगृह चिडीचूप. एका मेंढपाळाने बाळ येशूला चेरींचा घोस दिला, तोही ऐन हिवाळ्यात. दुसऱ्याने पाखरू. डॉकडे फक्त एक चेंडू होता. तो गुडघ्यांवर बसला. या वेळी त्याने दुपट्याला हात लावला नाही. चेंडू बाळाच्या कुशीशी ठेवला आणि पाळण्याची कड नुसती धरून राहिला.