ऑटोमॅटिक गाडीचं एटीएफ अंगणात बदललं : माझा अनुभव

पोफळी मागे पडून कुंभार्ली घाटाचा चढ लागला की माझी गाडी दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जाताना झटका द्यायची. आधी कधीतरी, मग दर फेरीला. गाडी 2011ची, पाच गिअरची ऑटोमॅटिक, मी तिचा दुसरा मालक. सर्व्हिस बुकात इंजिन ऑइलच्या नोंदी दरवर्षीच्या, पण गिअरबॉक्सच्या तेलाची, म्हणजे एटीएफची, एकही नाही. चिपळुणात दोघा-तिघांना विचारलं, तर उत्तर एकच : "चाललंय तोवर हात लावू नका."

मला ते पटेना. ऑटोमॅटिकमध्ये हे तेल नुसतं वंगण नसतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद पुढे नेतं ते तेलच, आणि आतले क्लच आवळले जातात तेही तेलाच्याच दाबाने. घाटात ते सतत घुसळलं जातं, तापतं, आणि वर्षानुवर्षं तापून त्याचा गुण जातो.

दिवाळीनंतर अंगण सुकलं तेव्हा कामाला लागलो. गाडीच्या पुस्तकात सांगितलंय तेच एटीएफ आठ लिटर आणलं. इथे ‘जवळपास तेच आहे’ म्हणून दुसरं तेल घेऊ नये. सीव्हीटीचं, म्हणजे गिअरऐवजी पट्टा-पुलीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिकचं, तेल तर वेगळंच असतं. उचललेली गाडी टेकवून ठेवायला जॅक स्टँडची जोडी विकत घेतली. आमच्याकडे चाकाखाली जांभ्याचे चिरे लावून गाडीखाली शिरणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. चिरा कधी फुटेल ते सांगता येत नाही, आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली तर जाऊच नये.

खाऱ्या हवेने ड्रेन प्लग, म्हणजे तेल काढायचं बूच, गंजून घट्ट बसला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला. आणखी एक गोष्ट आधी केली : डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) काढून तिच्या भोकात फनेलची नळी नीट जाते ना, ते पाहून घेतलं. जुनं तेल काढून बसलो आणि नवं भरता आलं नाही, तर गाडी जागची हलणार नाही.

दहा मिनिटं गाडी फिरवून तेल कोमट केलं. प्लगला चौकोनी खाच असते, त्यात रॅचेटचं टोक थेट बसतं. पहिल्या जोराला काही झालं नाही, दुसऱ्याला तो कटकन सुटला. तेल आलं ते काढ्यासारखं काळपट. भाचा बाजूला घमेलं धरून होता. "मामा, हे लाल असतं ना?" त्याने विचारलं. नवं एटीएफ कोकमाच्या आगळासारखं लाल असतं. प्लगच्या चुंबकावर करडा लगदा जमला होता. बोटांत चोळून पाहिला, अगदी मऊ. धातूचे तुकडे लागले असते तर मी तिथेच थांबून गाडी टो करून नेली असती. करडा लगदा म्हणजे नेहमीची झीज.

निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजलं : 2.3 लिटर. या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच. जेवढं निघालं तेवढंच आधी भरायचं. जास्त झालं तर आत फेस होतो आणि तेलाचा दाब कमी होतो. भरल्यावर इंजिन चालू करून, ब्रेकवर पाय ठेवून गिअरचा दांडा पी, आर, एन, डी असा फिरवत प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबलो, मग खेर्डीपर्यंत जाऊन आलो. सपाटीला गाडी लावून इंजिन बंद केलं आणि लगेच डिपस्टिक पाहिली. (काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून पाहतात; आपल्या पुस्तकात बघा.) तेल खालच्या खुणेजवळ होतं. म्हणजे आधीपासूनच कमी होतं. आणखी 200 मिली घातलं.

एकूण तेल सुमारे सहा लिटर, आणि एका वेळी निघतं अडीचच्या आतबाहेर. उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून कराडची एकेक फेरी मध्ये सोडून आणखी दोनदा बदललं. तीनदा बदललं की जुनं जेमतेम पाचवा हिस्सा उरतं. दुसऱ्या वेळी मी ड्रेन प्लगचा वॉशर जुनाच लावला, आणि सकाळी गाडीखाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग. तिसऱ्या वेळी नवा ॲल्युमिनियमचा वॉशर घातला.

सांडलेल्या थेंबांवर भाताचं तूस टाकून ते गोळा केलं. जुनं तेल कॅनमध्ये भरून गॅरेजमध्ये दिलं. त्यांच्याकडून वापरलेलं तेल नेणारे येतात. आमच्या घरामागचा पऱ्ह्या वाशिष्ठीला मिळतो, तिथे एक थेंबही जाऊ द्यायचा नव्हता.

परवा कराडहून रात्री परतलो. जाताना चढावर दुसरा-तिसरा गिअर कधी बदलला ते फक्त इंजिनाच्या आवाजावरून कळलं. सकाळी उठल्याबरोबर पुठ्ठा ओढून पाहिला. कोरडा होता.